प्रयत्नाचे चार

"अठ्ठावन्नवर कोण आलंय का, तोडकर मॅडम?" मगदूम सरांनी बशीतला चहा फुंकत विचारलं.

"एक आहे, सर."

"मग शोधा की दोन मार्क. चार वाजता यादी लावायचीय."

बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन मार्क काय टेबलाखाली पडलेत की काय! पण गणिताच्या मास्तरांत ही रीत आहे. काठावरचा आकडा आला की तो पेपर बाजूला काढायचा आणि पहिल्या पानापासून पुन्हा उलटायचा. कुठंतरी सूत्र बरोबर असतं आणि पुढं वजाबाकी चुकलेली असते, कुठं एखादी पायरी आपल्याच नजरेतून निसटलेली असते. अर्धा इथं, एक तिथं, असं गोळा करून पोराला आत ओढायचं. नाही सापडले तर नाही. पण शोधायचे, हा नियम.

आणि आमच्याकडं काठाला फार किंमत होती. तासगाव भागातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सची एक विशेष तुकडी होती. सकाळी सातला भरायची, इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचं अवघड गणित तिथं फुकट शिकवलं जायचं. सहामाहीत ऐंशीपैकी साठच्या खाली गेला की मुलगा तुकडीतून बाहेर. ज्यांच्या घरी पैसा होता ती पोरं सांगलीला क्लास लावायची. ज्यांच्या घरी नव्हता त्यांचं गणित तिथंच संपायचं.

अठ्ठावन्नवाल्या पेपरावरचा नंबर मी यादीत बघितला. अनुजा शिरतोडे.

ही पोरगी मला आवडायची, सरळच सांगते. मी तेव्हा अठ्ठावीसची, शिक्षणसेवक म्हणून लागून पावणेतीन वर्षं झालेली, तीन पूर्ण झाली की कायम होणार. स्वभाव असा की पटकन तापायचं आणि मग दिवसभर चरफडत फिरायचं. आणि मला सगळ्यात जास्त तापवणारा प्रश्न एकच होता. फळ्यावर काहीही लिहा, अगदी तहानभूक विसरून एखादी सुंदर सिद्धता मांडा, पहिल्या बाकावरचा पृथ्वीराज हात वर करणारच, "मॅडम, हे किती मार्कांना?" दोनला आहे म्हटलं की अर्धा वर्ग पेन खाली ठेवायचा. चारला आहे म्हटलं की डोळे मोठे करून लिहून घ्यायचा. मी एकदा म्हटलंही होतं, अरे बाबांनो, तुमचं लग्न किती मार्कांना आहे तेवढं सांगा, म्हणजे मी तयारीनं येते.

अनुजानं तो प्रश्न मला कधी विचारला नाही. अकरावीपासून एकदाही नाही. ती विचारायची, "मॅडम, पण असं का?" आणि बऱ्याचदा मला घरी जाऊन पुस्तकं उघडावी लागायची.

तिची आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. प्रवेशाच्या वेळी आली होती, हात चिकट म्हणून पदराला पुसत पुसत. म्हणाली, "मॅडम, हिला गणित येतंय म्हणत्यात. खरंच येतंय का नुसतं म्हणत्यात?" मी म्हटलं, खरंच येतंय. त्या बाईनं मान अशी हलवली की जणू पावती मिळाली.

तर आता मी तिचे दोन मार्क शोधायला बसले. पहिला प्रश्न स्वच्छ. दुसऱ्यात अर्धा कापलेला, तो बरोबरच कापलेला. असं करत करत मी पाचव्या प्रश्नाच्या 'ड'वर आले आणि तिथं माझंच शून्य दिसलं. एवढं मोठं की पेनचं टोक मारल्यासारखी खूण मागच्या पानावर उमटली होती.

मग आठवलं. हे शून्य मी रागात दिलं होतं.

गणित साधं होतं, चार मार्कांचं. एका दुकानात तासाला किती गिऱ्हाइकं येतात त्याच्या शक्यता दिलेल्या. एकही न येण्याची ०.१, एक येण्याची ०.२, दोन येण्याची ०.३, तीन येण्याची ०.३, चार येण्याची ०.२. तर सरासरी किती गिऱ्हाइकं अपेक्षित? कोष्टक मांडायचं एक मार्क, सूत्राला एक, गुणाकाराला एक आणि उत्तराला एक. उत्तर अडीच. तपासताना माझे डोळे फक्त अडीच शोधत पळत होते. एका बैठकीत साठ पेपर तपासून संपवायचे, हा माझा तोरा होता. आणि अनुजाच्या पेपरावर कोष्टक नाही, सूत्र नाही. नुसती एक बेरीज, आणि खाली, सगळा पेपर इंग्रजीत लिहायचा असताना, पट्टीनं चौकट आखून त्यात मराठीत एक ओळ, 'गणित चुकलंय.'

माझं डोकं सटकलं होतं. गणित चुकलंय काय! नाचता येईना अंगण वाकडं! काढलं शून्य आणि पुढचा पेपर ओढला.

आता मी पहिल्यांदा ती बेरीज वाचली. तिनं पाचही शक्यता एकाखाली एक मांडून मिळवल्या होत्या. बेरीज १.१.

मी तोंडानं पुटपुटत पुन्हा मिळवलं. बोटांवर मिळवलं. पेपराच्या मागं पेन्सिलनं मिळवलं. एक पूर्णांक एक दशांशच. शंभरातल्या दहा वेळा हे, वीस वेळा ते, असं करत सगळं मिळून शंभर व्हायला पाहिजे. जास्त नाही, कमी नाही. इथं एकशे दहा होत होते. असं दुकान जगात असू शकत नाही. अकरावीतल्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात ते.

गणित चुकलंच होतं. आणि पेपर काढलेला मी.

कसं झालं तेही लगेच आठवलं. जुन्या पेपरातलं गणित उचलायचं आणि एखादा आकडा बदलायचा, ही आम्हा सगळ्यांची सवय, नाहीतर पोरं गाइडातलं उत्तर पाठ करून येतात. मूळ गणितात शेवटची शक्यता ०.१ होती आणि उत्तर २.१. मी एकाचे दोन केले, उत्तर गोल अडीच आलं, मनात म्हटलं वा! बेरीज काही केली नाही.

मी उठले. खिडकीपाशी गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. घड्याळात अडीच वाजलेले. बाकीचे पेपर भराभरा उपसले. एकशे अडतीस मुलांतल्या जवळजवळ सगळ्यांनी कोष्टक, सूत्र, गुणाकार, अडीच, असं शहाण्यासारखं लिहिलं होतं आणि मी प्रत्येकाला चार-चार बरोबरच्या खुणा केल्या होत्या. पाचसहा जणांनी सोडलेलंच नव्हतं. बेरीज करून बघणारी एकटी अनुजा.

"सर," मी मगदूम सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. "जरा बघता का हे?"

मगदूम सर आमचे विभागप्रमुख. तीस वर्षं गणित शिकवलेलं, माणूस शांत. आमचे तपासलेले पेपर ते हिरव्या पेननं पुन्हा बघायचे आणि काढलेल्या प्रश्नपत्रिकेचा कच्चा कागदही त्यांच्या हिरव्या सहीशिवाय छापायला जात नसे. त्यांनी चष्मा वर केला, बेरीज बघितली, चष्मा खाली घेतला.

"आयला," ते एवढंच म्हणाले.

"माझी चूक आहे, सर."

"हळू बोला." त्यांनी आजूबाजूला बघितलं. स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीचे दोघं डुलक्या घेत होते. "माझी बी सही आहे त्याच्यावर. आता काय करायचं म्हणताय?"

"जाहीर करू. गणित रद्द, सगळ्यांना चार मार्क."

"बरं. सगळ्यांना चार दिल्यावर काय फरक पडतोय? पोरांचे मार्क किती बदलत्यात?"

"ज्यांनी सोडलं नाही त्यांचे..."

"त्यातलं कोण काठावर आहे?"

मी यादी बघितली. पाचसहाही नापासाच्या खड्ड्यात होते, चारानं कुणी वर येत नव्हतं. "कोणी नाही. फक्त शिरतोडे."

"मग झालं की. तिला चार द्या. बासष्ट झाले, पोरगी तुकडीत राहिली." सर बोलत होते ते अगदी समजुतीनं, कपटानं नव्हे, हे मला आजही सांगावंसं वाटतं. "मार्क तेच राहणार, मॅडम. मग बोंब मारून काय मिळवायचं? संस्थेच्या चार कॉलेजांत हाच पेपर गेलाय. उद्या पालक येऊन बसतील, म्हणतील ह्यात चुकलं तर आणि कशाकशात चुकलंय दाखवा. तुमची फाईल पुढच्या महिन्यात संस्थेकडं जायची. हे असलं त्यात लागलं तर?"

"पण सर, तिनं तर बरोबर..."

"म्हणूनच देतोय की चार! पायरी बघा. बेरीज केलीय तिनं, एवढा प्रयत्न दिसतोय. पायऱ्या मोजायच्या, मॅडम, देवळात शिरायचं नाही." हे त्यांचं नेहमीचं वाक्य, नवीन माणसाला तपासणी शिकवताना ते हेच सांगायचे. "नुकसान कुणाचं होतंय सांगा."

खरंच सांगते, मी शोधलं, दोन मार्क शोधतात तसं शोधलं, पण कुणाचं नुकसान सापडेना. मी जागेवर येऊन शून्यावर काट मारली, बाजूला चार लिहिले, सही केली. पहिल्या पानावर अठ्ठावन्नचे बासष्ट केले. चार वाजता यादी लागली. अनुजा शिरतोडे, सव्विसावी.

दोन दिवसांनी तिची आई आली. कागदी पुडीत अर्धा किलो बेदाणा. "निवडून आणलाय, मॅडम. एक पण डागी नाही बघा ह्यात." मी नको नको म्हणत होते. तिनं पुडी टेबलावर ठेवली आणि ओवाळून टाकल्यासारखा हात माझ्यावरून फिरवून गेली. तो बेदाणा मी खाल्ला नाही. शेजारच्या मुलांना वाटून टाकला आणि वाटतानाही उगाच चिडचिड केली.

मग पेपर दाखवायचा दिवस आला. एका तासापुरते पेपर मुलांच्या हातात द्यायचे, बेरजेत चूक असली तर दाखवायची आणि परत गोळा करायचे, अशी पद्धत. तास म्हणजे नुसता बाजार. "मॅडम, इथं अर्धा!" "मॅडम, ह्याला दिलाय, मला नाही!" मी खुर्चीवर टेकलेच नाही. नजर सारखी तिसऱ्या बाकाकडं.

अनुजा उठली. आपला पेपर आणि शेजारच्या स्नेहलचा पेपर, दोन्ही घेऊन आली.

"मॅडम, हिला पाचव्यात चार आहेत."

"बरं मग?"

"मला पण चार आहेत."

"मग चांगलंच आहे की. तक्रार काय?"

"हिचं उत्तर अडीच आहे. माझं, गणितच चुकलंय." तिनं दोन्ही पेपर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आवाजात भांडण नव्हतं. दुकानात दोन वाणांचे भाव विचारावेत तसं विचारत होती. "दोन्ही कशी बरोबर असतील, मॅडम? माझं बरोबर असलं तर हिचं चूक. हिचं बरोबर असलं तर माझं."

मागची पाचसहा पोरं मान पुढं काढून ऐकायला लागली. पृथ्वीराज म्हणाला, "ए शिरतोडे, मार्क मिळालेत तर गप घे की! कमी करून घेतीस का?" सगळे हसले.

दारात मगदूम सर उभे होते. नेहमीसारखे, वर्गावरून सहज चाललेले. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, पण मला ते दिसले.

"तुझे प्रयत्नाचे आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"बेरीज केलीस ना? काहीतरी सोडवायचा प्रयत्न केलास. त्याचे दिलेत."

"मग माझं चूक आहे?"

त्या वेळी मी एवढं जरी म्हटलं असतं की मधल्या सुट्टीत ये, सांगते, तरी चाललं असतं. पण मला ते पेपर टेबलावरून हलायला हवे होते, तिनं तोंड बंद करायला हवं होतं, तास संपायला हवा होता.

"उत्तर अडीच आहे," मी म्हटलं. "वहीत लिहून घे. आणि पेपरात मास्तरांच्या चुका काढत बसू नये, दिलेलं सोडवावं. जा जाग्यावर."

ती "हो मॅडम" म्हणाली, दोन्ही पेपर उचलले आणि गेली. वही उघडून काहीतरी लिहिताना मला दिसली.

डिसेंबरात माझी कायम केल्याची ऑर्डर आली. मी पेढे वाटले. सरांनी पाठ थोपटली, म्हणाले, "आता निवांत." कसलं निवांत! मला झोप लागत होती, जेवण जात होतं, पण बसवत नव्हतं. स्टाफरूममध्ये मी येरझाऱ्या घालायचे. केमिस्ट्रीचे सर म्हणायचे, मॅडम, फरशी झिजवणार तुम्ही.

आणि अनुजाचे मार्क वाढत होते. हीच तर गंमत. नोव्हेंबरच्या चाचणीत वीसपैकी सतरा. डिसेंबरात अठरा. कोष्टक नीट, सूत्र चौकटीत, पायऱ्या शिडीसारख्या एकाखाली एक. मगदूम सर खूश, "बघा, पोरगी लायनीवर आली." फक्त वर्गात ती हात वर करत नव्हती. 'असं का' हे दोन शब्द मी दोन महिन्यांत ऐकले नव्हते. मीच कधी मुद्दाम तिच्याकडं बघून थांबायचे, म्हणायचे, काही विचारायचंय का कुणाला? ती वहीत बघायची.

जानेवारीत मी एक गोष्ट केली. शहाणपणाची होती असं म्हणणार नाही. शनिवारी विशेष तुकडीची वीस मार्कांची चाचणी असायची, तिचा पेपर फक्त मी काढायचे आणि मीच तपासायचे, सरांची हिरवी सही त्याला लागत नसे. त्यात मी पुन्हा शक्यतांचं गणित घातलं, चार मार्कांचं. एका फळवाल्याकडं दिवसाला किती पेट्या खपतात. एक पेटी खपण्याची शक्यता ०.२, दोनाची ०.३, तिनाची ०.४, चाराची ०.३. बेरीज १.२. या वेळी चूक मी जाणून केली होती.

मी ठरवलं होतं की ती पकडणार. चौकट आखून लिहिणार, 'गणित चुकलंय.' मग मी तो पेपर घेऊन वर्गात जाणार, सगळ्यांसमोर वाचणार, आणि म्हणणार की ही बरोबर, सहामाहीतही हीच बरोबर होती, चूक माझी होती. झालेलं सगळं एका तासात धुऊन निघणार! असं मनात इतक्यांदा घोळवलं होतं की तो तास मला दिसायला लागला होता.

पेपर चालू असताना मी बाकांमधून फिरत होते. तिच्यापाशी दोनदा गेले. पेन्सिल चालली होती. मी स्वतःशीच हसले.

गठ्ठा गोळा झाल्याबरोबर वर्गातच टेबलावर मांडला आणि तिचा पेपर ओढून काढला. मुलं दप्तरं आवरत होती.

कोष्टक. सूत्र. गुणाकार. उत्तर ३.२ पेट्या. खाली पट्टीनं दोन रेघा.

मी पान उजेडाकडं धरलं. समासात, अगदी कोपऱ्यात, खोडरबरानं घासून कागद विरलेला होता. पेन्सिलीचं दाबून लिहिलेलं पूर्ण जात नाही. चार आकडे एकाखाली एक, आडवी रेघ, आणि रेघेखाली १.२.

"अनुजा, थांब जरा."

बाकीचे गेले. ती दप्तर खांद्याला लावून टेबलाशी आली.

"हे काय आहे?" मी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"काही नाही मॅडम. खोडलंय ते."

"बेरीज केली होतीस."

"हो."

"किती आली?"

"एक पॉइंट दोन."

"एक पॉइंट दोन येऊ शकते का?"

"नाही येत." तिनं लगेच सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं.

"मग खोडलीस कशाला? खाली हे सगळं सोडवत कशाला बसलीस?"

तिला माझा आवाज चढलेला कळला, ती थोडी मागं सरकली. "तुम्हीच म्हणाला होता की मॅडम, दिलेलं सोडवावं. बेरजेचे नुसते प्रयत्नाचे असत्यात. प्रयत्नाचे द्यायचे का नाही ते तपासणाऱ्यावर असतंय. उत्तराचे हक्काचे असत्यात." आणि मग अगदी साधेपणानं, जणू मला बरं वाटावं म्हणून, "आता मी कुठंच तसं लिहीत नाही, मॅडम."

नुकसान कुणाचं, असं सरांनी विचारलं होतं. ते हे इथं माझ्यासमोर उभं होतं, चारपैकी चार मिळतील असं उत्तर लिहून.

पुढं मी सगळं सांगितलं. सोमवारी वर्गात दोन्ही गणितं फळ्यावर मांडली आणि सहामाहीची चूक माझी होती हे तोंडानं म्हटलं. मगदूम सर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. संस्थेचं पत्र आलं, खुलासा द्यावा लागला, एक वेतनवाढ लांबली. पण हे सगळं बोलून चालून सोपं होतं, लोक समजतात तेवढं अवघड नसतं ते. या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. त्या शनिवारचं मात्र अजून मनातून जात नाही.

"अनुजा, ऐक," मी म्हटलं. "हे गणित चुकीचं आहे. मी मुद्दाम चुकीचं दिलं होतं. आणि सहामाहीतलं तेही चुकीचं होतं, ते मात्र माझ्याकडून चुकून झालं होतं. तू लिहिलं होतंस ते बरोबर होतं. संपूर्ण कॉलेजात तुझं एकटीचं बरोबर होतं. आणि मी तुझ्याशी खोटं बोलले."

मला वाटलं ती रडेल. चिडेल, निदान मागं म्हणायची तसं म्हणेल, असं का केलं मॅडम? ते ऐकायला मी तयार होते, खरं म्हणजे भुकेली होते त्याच्यासाठी. असं का, एवढं एकदा म्हण, बाई.

ती पेपराकडं बघत होती. मी अजून त्यावर काही लिहिलं नव्हतं, समासातली मार्कांची जागा कोरी होती. कपाळाला आठी घालून ती काहीतरी जुळवत होती, आणि ते तिला जुळत नव्हतं.

"मग मॅडम," ती म्हणाली, "खोडलेलं धरायचं का खालचं? आणि आता हे किती मार्कांना?"

लाल पेन माझ्या हातात होतं. बाहेर मैदानावर तिच्या मैत्रिणी तिला हाका मारत होत्या, आणि ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.